ताट तुम्ही ठरवणार, तर जबाबदारीही तुमचीच

मुंबई-दिल्लीत रुजलेला टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांची मालिका, आता इंदूरसारख्या शहरातही दिसू लागला आहे, आणि त्याच्याबद्दल दोन अगदी उलट मतं कानावर येतात. एकाच ठिकाणी जेवून आलेलं एक कुटुंब म्हणतं, 'असं कधी जेवलोच नव्हतो.' दुसरं म्हणतं, 'माणशी तीन हजार मोजले आणि घरी येऊन खिचडी टाकली.' मग आपल्याकडे लगेच निदान होतं. पहिल्यांना चव कळते, दुसऱ्यांना कळत नाही. किंवा पहिले भुलले आणि दुसरे शहाणे. मला ही दोन्ही निदानं चुकीची वाटतात. दोन्ही कुटुंबं खरं बोलत असतात, आणि अनुभवातल्या या तफावतीचं कारण बहुतेक वेळा जेवणाऱ्याच्या जिभेत नसून स्वयंपाकघराच्या शिस्तीत असतं.

नेहमीच्या मेन्यू कार्डावरून मागवताना निम्मी जबाबदारी मागवणाऱ्याची असते. तिखट झेपत नसेल तर तो सौम्य काही मागवतो, भूक कमी असेल तर सूपवर भागवतो, घाई असेल तर एकच भाजी आणि पोळ्या सांगतो. टेस्टिंग मेन्यूत पाच ते बारा कोर्स, त्यांचा क्रम, प्रत्येकाचं प्रमाण आणि दोन कोर्समधला वेळ, सगळं शेफ ठरवतो. पाहुण्याकडे फक्त हो किंवा नाही म्हणणं उरतं. एवढी निवड काढून घेतल्यावर तिच्याबरोबर येणारी जबाबदारीही रेस्टॉरंटनेच उचलायला हवी: पाहुण्याचं पोट किती भरेल, त्याला काय चालत नाही, तो किती वाजता मोकळा होईल आणि शेवटी किती रुपये देईल. आज अनेक ठिकाणी निवड तेवढी घेतली जाते आणि जबाबदारी पाहुण्याच्याच गळ्यात राहते. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो ठाम आहे.

क्रमाने जेवण वाढणं ही कल्पना आपल्याला परकी नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकात सगळी पात्रं एकदम टेबलावर मांडण्याची फ्रेंच रीत मागे पडून एकामागून एक पदार्थ आणण्याची रशियन रीत रूढ झाली. 1970 च्या दशकात फ्रेंच शेफांनी लहान, हलक्या कोर्सची मालिका लोकप्रिय केली. जपानची काइसेकी परंपरा त्याहून जुनी. भारतात दिल्लीच्या इंडियन ॲक्सेंट या रेस्टॉरंटने 2009 पासून आणि मुंबईच्या मास्कने 2016 पासून हा प्रकार गंभीरपणे मांडला. पण मराठी पंगतीलाही क्रम आहेच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाज्या, आमटी उजवीकडे. आधी वरणभात-तूप, मग पुरी किंवा पोळी आणि पक्वान्न, मधला मसालेभात, शेवटी ताकभात किंवा दहीभात. फरक इतकाच की पंगतीत वेग आणि प्रमाण जेवणाऱ्याच्या हातात असतं. वाढप्याला 'पुरे' म्हणता येतं, 'अजून एक वाढा' म्हणता येतं, आणि पान रिकामं दिसलं की वाढपी स्वतःहून येतो. इंदूरच्या सराफा बाजारातही असंच होतं. रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर कोणी भुट्ट्याच्या किसापासून सुरुवात करतो, मग दहीबडा, मग गराडू (तळलेला कंद), मग मुगाचा हलवा. प्रत्येक गोष्ट थोडी, मधे चालणं, आणि कधी थांबायचं ते आपलं आपण ठरवायचं. इंदूरच्या माणसाला थोडं थोडं आणि बरंच काही खाण्याची सवय लावावी लागत नाही. आपल्या जेवणातला आपला शब्द गेलेला मात्र त्याला लगेच जाणवतो.

'इवलंसं वाढतात' ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तीच सर्वांत कमी खरी आहे. हिशेब मांडू. साधारण प्रौढ माणसाचं रात्रीचं भरपेट जेवण पातळ आमटीसकट 500 ते 700 ग्रॅमच्या आसपास जातं. दहा कोर्स सरासरी 50 ग्रॅमचे असले तरी 500 ग्रॅम झाले, आणि त्यात तूप, साय, सुकामेवा, चीज नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त असतं. म्हणजे अन्न पुरेसं असतं. तरीही माणूस उपाशी उठतो, कारण ते 500 ग्रॅम चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या अंतराने आलेले असतात. पहिल्या चाळीस मिनिटांत 10-15 ग्रॅमचे तीन घास येतात, मग पंचवीस मिनिटं काहीच नाही, मग एकदम दोन जड कोर्स पाठोपाठ. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात. भूक लागलेल्या माणसाला तेवढा वेळ रिकामं बसवलं की भूक मरते, आणि मुख्य पदार्थ समोर येतो तेव्हा तो नुसता चाखला जातो, जेवला जात नाही. आपल्या माणसाला भात किंवा पोळी पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, हीदेखील वस्तुस्थिती आहे, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्या शेफने इंदुरात टेस्टिंग मेन्यू काढू नये. दहापैकी निदान एक कोर्स 120 ते 150 ग्रॅमचा, भाताचा किंवा भाकरी-पोळीचा, सातव्या-आठव्या जागी असायलाच हवा.

दोन कोर्समधलं अंतर दहा ते पंधरा मिनिटं असावं. दहा कोर्स गुणिले तेरा मिनिटं म्हणजे जवळपास सव्वादोन तास; त्यात बसणं, पाणी, बिल धरून अडीच तास होतात. तीन तासांच्या वर गेलं तर मधे काहीतरी कोलमडलं आहे असं समजावं. कोलमडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. तीस पाहुणे आणि दहा कोर्स म्हणजे तीनशे प्लेटा. तेच तीस जण कार्डावरून मागवतील तर शंभराच्या आत भागतं. तीनशे प्लेटा पासवर (तयार प्लेटा बाहेर देण्याच्या कट्ट्यावर) लावायच्या, उचलायच्या, परत आणायच्या, धुवायच्या, आणि त्यातल्या निम्म्या त्याच रात्री पुन्हा लागणार. नेहमीच्या सेवेत एक स्टुअर्ड (वाढपी) पंधरा-वीस पाहुणे सांभाळतो; इथे त्याला आठ-दहापेक्षा जास्त दिले की पहिलं टेबल चौथ्या कोर्सवर असताना शेजारचं टेबल दुसऱ्यावर अडकतं. यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी न बसवणं. आठ वाजता दहा जण, साडेआठला दहा, नऊला दहा. प्रत्येक टेबलाचा केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) पासवर लावलेला, त्यावर कोर्स उचलल्याची वेळ पेनाने लिहिलेली. इतकी साधी गोष्ट, पण शनिवारी रात्री सव्वाआठला तीसच्या तीस खुर्च्या भरून घेण्याच्या मोहात ती सर्वांत आधी सुटते.

क्रमाचा दुसरा दोष जिभेचा. एकाच प्रकारची चव पुन्हा पुन्हा आली की तिची गोडी उतरत जाते, मग पदार्थ कितीही चांगला असो. आपल्याकडचे बरेच टेस्टिंग मेन्यू आंबटगोडाच्या एकाच गल्लीत फिरतात: चिंचेचं जेल, आमचुराचा फेस, कैरीचा रस, वर जिरावण. जिरावणात आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ सगळं असतं. पोह्यावर चिमूटभर टाकलं की पोहे खुलतात, पण दहापैकी चार कोर्सवर तेच भुरभुरलं तर पाचव्यात जीभ बोथट झालेली असते. तिखटाचं गणित आणखी कडक आहे. मिरचीची जळजळ पाण्याने जात नाही. दुधातल्या प्रथिनाने आणि स्निग्धाने उतरते. तिसऱ्याच कोर्सला झणझणीत काही दिलं आणि मधे मठ्ठा, दही किंवा सायीचं काही ठेवलं नाही, तर पुढचे तीन कोर्स पाहुण्याला फक्त तिखट लागतात. शेफ ते पासवर चमच्याच्या टोकाने एकेक चाखतो, म्हणून त्याला हे कळत नाही. पूर्ण मेन्यू, पूर्ण प्रमाणात, पाहुण्याच्याच खुर्चीत बसून, पाहुण्याच्याच अंतराने खाऊन पाहिल्याशिवाय तो विकायला काढू नये. तेही दर हंगामाला.

पेयांच्या जोडीबद्दल थोडक्यात. सहा कोर्सला सहा पेयं, प्रत्येकी 120 मिली, म्हणजे 720 मिली पाणी पोटात. पन्हं, सोलकढी, मठ्ठा, इंदुरी शिकंजी असं काहीही असो, 50-60 मिलीच्या वर देऊ नये. शिकंजी तर आटवलेल्या दुधाची आणि सुक्यामेव्याची. ती जोड म्हणून देणं म्हणजे एक जड कोर्स वाढवणं, आणि ती शेवटीच शोभते.

आता तापमान. बहुतेक फसलेल्या संध्याकाळींचं मूळ इथे सापडतं. आठ-नऊशे ग्रॅमची, 28 सेंटिमीटरची चिनीमातीची प्लेट, तिच्यावर मधोमध 40 ग्रॅम पदार्थ, आणि खोलीत एसी 22-23 वर. प्लेट थंड असेल तर पदार्थाची सगळी ऊब ती दीड-दोन मिनिटांत ओढून घेते. त्यात स्टुअर्ड उभा राहून होळकरांच्या मुदपाकखान्यापासून पदार्थाची कथा सांगतो, पाहुणे मान डोलावत थांबतात, फोटो निघतो, आणि पहिला घास कोमट जातो. गरम कोर्सच्या प्लेटा 60-65 अंशांवर तापवलेल्या हव्यात, कथा पंधरा सेकंदांत संपायला हवी, किंवा प्लेट येण्याआधी सांगायला हवी. हिवाळ्यात तर साजूक तूप प्लेटच्या कडेला रवाळ होऊन बसतं. ते पाहून आपल्या आजीने ताट परत पाठवलं असतं आणि तिचं बरोबर ठरलं असतं. काळ्या दगडी पाट्या, लाकडी ओंडके, शिंपले यांवर गरम पदार्थ वाढू नये हे मी नियम म्हणूनच मांडतो. त्यातली काही भांडी नीट तापत नाहीत, आणि काही नीट धुताही येत नाहीत.

माळव्याचे पदार्थ छोटे करताना हे सगळं आणखी उघडं पडतं. भुट्ट्याचा कीस घ्या. कोवळी कणसं हाताने किसणीवर किसायची. मिक्सरमध्ये घातली की दाण्यातला स्टार्च बाहेर येऊन लगदा चिकट होतो. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यावर कीस परतून, चार कणसांना साधारण वाटीभर दूध घालत वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर. तयार झाल्यावर अर्ध्या तासात तो उत्तम असतो. टेस्टिंग मेन्यूसाठी तो संध्याकाळी सहाला करून बेन-मारीत (गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात) ठेवतात आणि रात्री साडेनऊला साच्यातून गोल काढून वाढतात. तोवर तो घट्ट, गोळाबंद होतो, आणि त्यात पाणी घालून सैल केला की दुधाची गोडी जाते. दर पाऊण तासाला छोटा घाणा शिजवणं आणि वाढताना गरम दुधाने सैल करणं, याला दुसरा मार्ग नाही. चमच्याने वाढलेल्या किसाचा आकार गोल येत नाही. तो येऊ नये.

बाफल्याचं तर नुसतं छोटं करण्यानेच नुकसान होतं. रवाळ कणकेत थोडं मक्याचं पीठ, ओवा, मीठ, तूप आणि चिमूटभर सोडा घालून घट्ट मळायचं, 60-80 ग्रॅमचे गोळे वर तरंगेपर्यंत उकळत्या पाण्यात उकडायचे, निथळून शेगडीवर किंवा भट्टीत भाजायचे आणि फोडून तुपात बुडवायचे. बाहेरचं कवच खुसखुशीत आणि आतला गर ओलसर, हा बाफल्याचा सगळा जीव. पंधरा ग्रॅमची सुबक गोळी केली की उकडताना ती आरपार भिजते, भाजताना आरपार सुकते आणि तुपात टाकली की आरपार तूप पिते. कवच आणि गर हा भेदच राहत नाही. त्यापेक्षा पूर्ण आकाराचा बाफला भाजावा, फोडावा आणि एका पाहुण्याला कवचासकट एक मोठा तुकडा, वर गरम तुरीची डाळ, असा द्यावा. दिसायला ओबडधोबड, खायला खरा.

मांसाहारी कोर्समध्ये झाबुआच्या कडकनाथाची हीच गत होते. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचं नाव मेन्यूवर भाव खातं. पण हे कोंबडं कमी चरबीचं आणि घट्ट स्नायूंचं. त्याला मंद आचेवर बराच वेळ द्यावा लागतो. ब्रॉयलरच्या छातीसारखा पटकन तव्यावर भाजून काप काढले की काळा रंग फोटोत दिसतो आणि तोंडात रबर येतं.

याउलट जिथे टेस्टिंग मेन्यू खरोखर कामाचा ठरतो, तिथेही बघितलं पाहिजे. मांडूच्या गोरखचिंचेच्या फळातला पांढरा, कोरडा, आंबट गर, उन्हाळ्यातली खिरणी, मार्च-एप्रिलची मोहाची फुलं, मंदसौर-नीमचची खसखस, हिवाळ्यातला ओला हरभरा. यातली कित्येक जिन्नसं दोन-तीन आठवडे, आणि तीही थोडीच मिळतात. नेहमीच्या मेन्यूवर ती ठेवता येत नाहीत, कारण रोज चाळीस प्लेटा पुरवणं शक्य नसतं. तीस जणांना 30-40 ग्रॅम देणं मात्र शक्य असतं. किलो-सव्वा किलोत भागतं. सीहोरच्या शरबती गव्हाची एकच गरम पोळी, वर लोणी, आणि बाजूला खसखशीची चटणी, असा कोर्स कोणी मन लावून वाढला तर त्या पैशांची तक्रार मी करणार नाही. टेस्टिंग मेन्यू बंद व्हावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो इथे रुजावा, म्हणूनच त्याच्या चुका इतक्या बारकाईने सांगायच्या.

सर्वांत गंभीर बाब पथ्याची आणि शाकाहाराची. इंदूरच्या पाहुण्यांत मोठा वर्ग शाकाहारी आहे, त्यात जैन आहेत, चातुर्मास पाळणारी मराठी घरं आहेत, एकादशी-चतुर्थीचे उपास आहेत. कार्डावरून मागवणारा माणूस स्वतः सांभाळून घेतो. टेस्टिंग मेन्यूत त्याला काय येतंय हेच आधी ठाऊक नसतं. पनीर आणि मशरूम मांसाच्या जागी बसवले की शाकाहारी मेन्यू झाला, ही समजूत तर चुकीची आहेच. पण खरा धोका दिसत नाही तिथे असतो. मूस, पॅना कोटा यांसारख्या गोड पदार्थांत आणि चकचकीत ग्लेझमध्ये बहुधा जिलेटिन असतं, ते प्राणिजन्य. अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. मूळ वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. जपानी दाशीत, म्हणजे सूपच्या मूळ पाण्यात, बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचे काप. मेरिंगमध्ये अंड्याचा पांढरा. तयार सजावटीच्या लाल रंगात आयएनएस 120, म्हणजे किड्यापासून काढलेला कार्माइन. यातली एकही गोष्ट प्लेटकडे बघून ओळखता येत नाही. अंडं आपल्या खाद्य कायद्यात मांसाहारी धरलं जातं, हेही अनेक स्टुअर्डांना माहीत नसतं.

जिलेटिनऐवजी अगर (समुद्री शेवाळापासून काढलेला, जेली घट्ट करणारा पदार्थ) वापरलं म्हणजे झालं, असंही नाही. जिलेटिनची जेली शरीराच्या उष्णतेला तोंडात विरघळते. अगरची जेली 85 अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे तोंडात विरघळणारच नाही, दातांखाली तुटेल. त्यामुळे मांसाहारी मेन्यूतला पदार्थ जसाच्या तसा ठेवून फक्त अगर घातलं की शाकाहाऱ्याला कडक, कचकचीत तुकडा मिळतो. शाकाहारी मेन्यू वेगळा लिहावा लागतो, वेगळा चाखावा लागतो. किंमत दोन्हींची एकच असेल, आणि बहुतेक ठिकाणी ती तशी असते, तर श्रमही तितकेच दिसले पाहिजेत.

जैन पाहुण्यांसाठी गराडू, गाजर, बीट, बटाटा, कांदा, लसूण सगळं बाद. त्यातले जे चौविहार पाळतात ते सूर्यास्तानंतर जेवतच नाहीत. इंदूरला डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि आपला टेस्टिंग मेन्यू आठला सुरू होतो. रविवारी दुपारी साडेबाराची एक बैठक ठेवली तर हा सबंध वर्ग आत येऊ शकतो, ज्येष्ठ मंडळीही येतात. आषाढी ते कार्तिकी कांदा-लसूण-वांगं न खाणारी घरं शहरात पुष्कळ आहेत. त्या चार महिन्यांत कांदा-लसणाशिवायचा मेन्यू 'विशेष विनंती' म्हणून न ठेवता छापील पर्याय म्हणून द्यावा.

मधुमेहाचं तर कोणी बोलतच नाही. जेवणाआधी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला पहिला पोटभरीचा कोर्स किती वाजता येणार हे आधी कळणं अत्यावश्यक आहे. आठला औषध घेऊन साडेनऊपर्यंत त्याच्यासमोर दहा-दहा ग्रॅमचे तीन घास आले, तर साखर खाली जाऊन त्याला घाम फुटू शकतो, चक्कर येऊ शकते. बुकिंग घेतानाच 'जेवणाआधीचं काही औषध आहे का' एवढं विचारावं आणि अशा पाहुण्याला पोळीचा किंवा भाताचा घास दुसऱ्या कोर्सबरोबर द्यावा. याला खर्च शून्य आहे.

नियमांचं इथे फारसं पाठबळ नाही. मेन्यू कार्डावर कॅलरी छापण्याचं बंधन 2020 च्या लेबलिंग व डिस्प्ले नियमावलीने घातलं, पण ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांवर. टेस्टिंग मेन्यू देणारं रेस्टॉरंट बहुधा एकटंच असतं, त्यामुळे ते या जाळ्यातून सुटतं. म्हणून माझी मागणी अशी आहे की बुकिंगच्या वेळीच पाहुण्याला एक पान मिळावं: कोर्स किती, अंदाजे वेळ किती, प्रत्येक कोर्समधले मुख्य घटक, ॲलर्जी आणणारे पदार्थ, अंडं-जिलेटिन-रेनेट आहे की नाही, आणि करांसकट एकूण रक्कम. चकित करण्याची मजा जाते, असं शेफ म्हणतात. ज्याला चकित व्हायचं आहे तो पान वाचणार नाही. ज्याला वाचणं गरजेचं आहे त्याच्या हातात ते असेल. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत काय काय घालतात ते समोर दिसतं. बंद दारामागच्या स्वयंपाकघराने निदान ते लिहून द्यावं.

रकमेबद्दल नेमकं बोलू. मेन्यू 3000 रुपयांचा आहे असं धरा. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 5 टक्के, म्हणजे 3150. तेच रेस्टॉरंट खोलीचं रोजचं भाडं 7500 रुपयांवर असलेल्या मोठ्या हॉटेलात असेल तर 18 टक्के. वर 10 टक्के सेवाशुल्क लावलं तर 3300 वर 18 टक्के, एकूण 3894. चौघांच्या टेबलाला दोन्हींतला फरक 2976 रुपये, म्हणजे जवळपास पाचव्या माणसाचं जेवण. कर भरावाच लागतो. पण सेवाशुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती योग्य ठरवली. जोडलेलं दिसलं तर काढायला सांगावं. नकार मिळाला तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. टेस्टिंग मेन्यूत हे जास्त खुपतं, कारण इथे सेवा हा विकलेल्या वस्तूचाच भाग आहे. तिची किंमत 3000 मध्ये धरलेलीच असते.

ॲडव्हान्स घेण्याला मात्र माझा पाठिंबा आहे. वीस खुर्च्यांच्या जागी चौघं आयत्या वेळी आले नाहीत तर त्या रात्रीची पाचवा हिस्सा कमाई जाते, आणि त्यांच्यासाठी आणलेला माल दुसऱ्या दिवशी चालत नाही. 48 तास आधी कळवलं तर पूर्ण परत, त्यानंतर निम्मे, असा नियम दोन्ही बाजूंना न्याय्य आहे. तो बुकिंगलाच लेखी सांगावा.

शेफला स्वातंत्र्य हवं, त्याच्या कलेत लुडबुड नको, हा मुद्दा मी मान्य करतो, पण त्याची हद्द आखून. चव, मांडणी, कल्पना यांत त्याला पूर्ण मोकळीक. पथ्य, वेळ आणि बिल हे कलेचे विषय नाहीत. 'टेबलावरच्या सगळ्यांनी टेस्टिंग मेन्यूच घ्यावा' हा नियमही याच हद्दीत तपासावा. त्यामागचं कारण खरं आहे: एकजण कार्डावरून मागवणारा असेल तर त्याची प्लेट लवकर येते आणि सगळ्या टेबलाची लय तुटते. पण सहा जणांच्या मराठी कुटुंबात आजोबा असतात, दहा वर्षांची नात असते. त्यांना दहा कोर्स नकोत. यावर सोपा तोडगा आहे. दहा कोर्सच्या मेन्यूतले दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा घेऊन पाच कोर्सचा छोटा मेन्यू करावा, साधारण निम्म्याहून थोड्या जास्त किमतीला. पास तोच, वेळ तीच, नवा पदार्थ एकही नाही. आजोबांसमोर प्रत्येक दुसऱ्या फेरीला काही येतं आणि टेबल एकत्रच उठतं. अट एवढीच की भाताचा कोर्स सम क्रमांकावर असावा.

आणि एक पदार्थ पुन्हा मागता यावा. बहुतेक ठिकाणी याला ठाम नकार असतो, 'मोजून केलंय' म्हणून. मोजून पाहू. तीस पाहुण्यांपैकी एक तृतीयांश जणांनी आठव्या कोर्सचा भात पुन्हा मागितला तर दहा वाढण्या. एका वाढणीचा कच्चा माल 60 रुपये धरला तर रात्रीचे 600, म्हणजे माणशी 20 रुपये. तीन हजारांच्या मेन्यूत हे सहज बसतं. दहाही कोर्स पुन्हा द्या असं कोणी म्हणत नाही. नाजूक मांडणीचे कोर्स पुन्हा देता येणारही नाहीत. पण भात आणि त्याबरोबरची आमटी किंवा कढी पातेल्यातच असते, ती गरम ठेवणं सोपं असतं, आणि स्टुअर्डने छोटं भांडं घेऊन टेबलाशी येऊन 'अजून वाढू का?' असं विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पाहुण्यांची यादी तीसची असेल तर चाळीस वाढण्यांचा भात टाकावा, उरला तर कर्मचाऱ्यांच्या जेवणात जाईल.